दिवाळीत अंधाराची बाजू

नवरात्र बसले की आमच्या अंबडात पडदे शिवणाऱ्या मास्तरांना बोलायला फुरसत नसते. "दसऱ्याच्या आत माप द्या, नाहीतर मग तुळशीच्या लग्नानंतर," असे ते गळ्यातली टेप न काढताच सांगतात, आणि घरोघरच्या बायका घाईघाईने फर्निशिंगच्या दुकानांच्या पायऱ्या चढू लागतात. भिंतींना रंग नवा, सोफ्याला अभ्रे नवे, मग पडदेच तेवढे जुने कसे ठेवायचे? मीही गेली तीस वर्षे या पायऱ्या चढते आहे. म्हणून आज जे लिहिणार आहे ती कुणा त्रयस्थ बाईने केलेली टीका आहे, असे वाचकांनी समजू नये. हा गुन्हेगाराचा कबुलीजबाब आहे. जमलेच तर माफीचा साक्षीदार होण्याची खटपट आहे.

माझे म्हणणे एवढेच की, आपण पडदे चुकीच्या खोलीत लावतो. घरातले सर्वांत भारी, सर्वांत जाड, अस्तर लावून शिवलेले कापड आपण बाहेरच्या खोलीत टांगतो. तिथे कुणी झोपत नाही. आणि माणूस जिथे झोपतो त्या आतल्या खोलीच्या खिडकीला उरल्या तुकड्याचे, आखूड, विरविरीत, दोन खिळ्यांना सुतळी बांधून लटकवलेले काहीतरी असते. दुसऱ्या एखाद्या गावात ही बायकांची हौस म्हणून सोडून देता येईल. अंबडात तसे म्हणता येत नाही. इथे तो अन्याय होतो.

अंबड म्हणजे नाशिकचे अंबड. जालना जिल्ह्यातल्या अंबडाशी आमचा संबंध एवढाच की, आमची पत्रे अधूनमधून तिकडे फिरून येतात. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याने नाशिकात आधी सातपूरला आणि पुढे अंबडला कारखान्यांसाठी जागा आखल्या. शेजारी सिडकोने नवे नाशिक वसवले. शेताच्या बांधांवरचे गाव यंत्रांच्या शेजाराला आले. तेव्हापासून या गावाला रोज दोन सकाळी होतात. पहिल्या पाळीची माणसे डबे घेऊन निघतात तेव्हा समोरून रात्रपाळीची माणसे परतत असतात. एकाच रस्त्यावर एकाची सकाळ आणि दुसऱ्याची रात्र एकमेकींना ओलांडून जातात. ज्या गावातली कितीतरी माणसे सकाळी आठला झोपायला जातात, त्या गावात खिडकीचा पडदा ही शोभेची वस्तू राहत नाही. तो अंथरूण-पांघरुणाच्या जातीचा होतो.

आता कबुलीजबाब. आमचे हे एका कारखान्यात लेथवर होते. तीन आठवड्यांतला एक आठवडा रात्रपाळी. सकाळी यायचे, आंघोळ करायचे, चार घास खायचे आणि पूर्वेकडच्या खोलीत आडवे व्हायचे. त्या खिडकीला मी एक जुनी सोलापुरी चादर अडकवली होती. चादर चांगली जाड होती, पण खिडकीला दोन्ही बाजूंनी चार-चार बोटे तोकडी पडे. त्या चार बोटांतून ऊन आत शिरे. आठला ते समोरच्या भिंतीवर असे, नऊला पलंगावर उतरे आणि दहाच्या सुमाराला थेट उशीवर येई. मग हे उठत, पंचा चौपदरी करून डोळ्यांवर घेत आणि कूस बदलून पडून राहत. मी स्वयंपाकघरातून ते पाहत असे. मला वाटे, झोपले आहेत.

त्या वर्षीच्या दिवाळीला बोनस झाला. त्यातला चांगला घसघशीत वाटा मी पडद्यांत घातला. कुठल्या? बाहेरच्या खोलीच्या! मोरपंखी रंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, आतून अस्तर, वर झालर, बाजूला बांधून ठेवायला गोंड्यांच्या दोऱ्या. आमची बाहेरची खोली उत्तरेकडची. तिथे ऊन यायलाच तयार नसते. त्या न येणाऱ्या उन्हाला अडवायला मी ही मखमल उभी केली. आणि त्यातही गंमत अशी की, तो पडदा कधी ओढलाच नाही. ओढला तर वेलबुट्टी कशी दिसणार? दिवाळीपासून होळीपर्यंत तो गोंड्यांनी बांधलेला, कोपऱ्यात अंग चोरून उभा.

पुढे एका सकाळी पाळीवरून येताना यांचा स्कूटरवरच डोळा लागला. रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगात गेले म्हणून वाचले. कोपर सोलवटले, एवढ्यावर निभावले. शेजारीपाजारी बघायला आले. मी त्यांना त्याच मोरपंखी पडद्यांशेजारी बसवून चहा दिला. "पडदे फार छान आहेत हो, वहिनी," असे दोघीतिघी म्हणाल्या. मलाही बरे वाटले. आज हे लिहिताना हात अडखळतो. पण तेव्हा मला त्यात काही विपरीत दिसले नव्हते, हे खरे आहे.

आता तुम्ही म्हणाल, घर म्हटले की आल्यागेल्यासाठी चार गोष्टी कराव्याच लागतात. पाहुण्यांना काय वाटेल? या प्रश्नाचे उत्तर आपल्या जुन्या घरांनीच देऊन ठेवले आहे. जुन्या नाशकातला किंवा पंचवटीतला एखादा वाडा डोळ्यांसमोर आणा. पाहुणा बसे तो ओसरीवर, उघड्यावर, उजेडात. त्याच्यासाठी सतरंजी, तक्क्या आणि पाण्याचा तांब्या, पडदा नव्हे. अंधार होता तो आत, माजघरात. जाड भिंती, शेणाने सारवलेली गार जमीन, एखादा लहानसा झरोका. दुपारी थकलेली बाई तिथे पदर पसरून अर्धा तास लवंडे तेव्हा तिच्या डोळ्यांवर ऊन येत नसे. या अंधाराचा अतिरेकही झाला, हे मला मान्य आहे. बाळंतिणीच्या खोलीत वारा शिरत नसे. ते वाईटच होते. पण घर बांधणाऱ्याच्या मनातला हिशेब बरोबर होता: उजेड पाहुण्याला, सावली घरच्यांना. आपण नव्या घरात तो हिशेब उलटा केला. पाहुण्याच्या डोक्यावर सावली धरली आणि घरच्या माणसाला उन्हात झोपवले.

कायदा करणाऱ्यांना जे सुचले ते आम्हा गृहिणींना सुचले नाही, याची मला विशेष लाज वाटते. १९४८ च्या कारखाने कायद्यात मध्यरात्रीपलीकडे चालणाऱ्या पाळीसाठी एक स्वतंत्र कलम होते, सत्तावन्नावे. अशा कामगाराची सुट्टी म्हणजे त्याची पाळी संपल्यापासून सलग २४ तास, असे त्यात म्हटले होते. त्याचा 'पुढचा दिवस'ही पाळी संपल्यावरच सुरू होतो, असे धरले होते. भिंतीवरचे घड्याळ काही का म्हणेना, या माणसाचा दिवस निराळा आहे, हे कायद्यासारख्या रुक्ष गोष्टीने मान्य केले. घराने मात्र ते अजून मान्य केलेले नाही. घरात सकाळी नऊ म्हणजे नऊच. दूधवाला नऊचा, घंटा नऊची, दूरदर्शनवरची मालिका नऊची आणि ऊनही नऊचे.

शरीर हे भिंतीवरचे घड्याळ पाहत नाही. त्याचे घड्याळ आत असते आणि डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावर ते लावले जाते. हे घड्याळ पेशीपेशीत कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. अंधार पडला की मेंदूत झोपेला बोलावणारे मेलाटोनिन नावाचे द्रव्य तयार होऊ लागते. उजेड दिसला की ते थांबते. म्हणजे उन्हाची एक तिरीप जरी पापणीवर आली, तरी शरीराला 'ऊठ' असा हुकूम सुटतो. रात्रपाळीच्या माणसाची दिवसाची झोप तोकडी पडते ती काही त्याच्या आळसाने किंवा नखऱ्याने नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली आणि पुन्हा २०१९ साली रात्रपाळीचे काम हे माणसाला बहुधा कर्करोग होण्यास कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या वर्गात घातले. एका पडद्याने हे संकट टळेल, असे मी म्हणत नाही. पण जे आपल्या हातात आहे तेवढे तरी आपण करावे की नाही?

आणि ही केवळ पुरुषांची कथा राहिलेली नाही. आता आमच्या घरची रात्रपाळी सुनेकडे आली आहे. ती परिचारिका आहे. रात्रभर दुसऱ्यांची झोप राखून ती सकाळी घरी येते. मी एक गोष्ट पाहिली आहे आणि ती स्पष्टच लिहिते. पुरुष रात्रपाळीहून आला की घर कुजबुजत बोलते. बाई रात्रपाळीहून आली की घर विचारते, "आज भाजी कुठली?" मुलाला शाळेत पोचवून, कुकर लावून, धुणे वाळत घालून ती पडते तेव्हा अकरा वाजलेले असतात. तिच्या खोलीला पडदा नाही याचे कुणाला काही वाटत नाही, कारण ती दिवसा झोपते हेच मुळी कुणी फारसे मनावर घेतलेले नसते. नीट शिवलेला, गडद, ओढलेला पडदा एवढे एक काम करतो: आत माणूस झोपला आहे, हे घराला सांगतो. तोंडाने सांगायचा संकोच वाटणाऱ्या सुनेला त्याचा केवढा आधार!

आता पडदेवाल्यांचा हिशेब पाहू. बाहेरच्या खोलीची खिडकी चार फुटांची धरा. दांडी दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच पुढे घेतली की ती पाच फूट झाली. चुण्या शोभून दिसायला कापड दुप्पट लागते, म्हणजे दहा फूट. अठ्ठेचाळीस इंच पन्ह्याचे कापड घेतले तर त्याचे तीन पाट. जमिनीपर्यंतची उंची सात फूट आणि वरखालच्या दुमडींचा एक, असे आठ. तीन आठे चोवीस फूट, म्हणजे आठ वार. दुकानदार सव्वासात मीटरला थोडे वरचढ म्हणून साडेसात फाडतो. एका खिडकीला आठ वार! आमच्या सासूबाईंचे लुगडे नऊ वारांचे होते. म्हणजे उत्तरेकडच्या खिडकीला आपण एका अख्ख्या बाईइतके कापड नेसवतो आणि नुसता एक वार हातचा राखतो.

आतल्या खोलीचा पडदा यापेक्षा कमी कापडात बसतो, पण त्याला अक्कल अधिक लागते. तिथे चुण्यांची श्रीमंती नको. दीडपट कापड पुरे. मात्र दांडी खिडकीच्या चौकटीच्या वर निदान सहा इंच आणि बाजूंना आठ-नऊ इंच पुढे हवी, कारण ऊन पडद्यातून जितके येते त्याहून अधिक पडद्याच्या कडांवरून येते. दांडीची टोके भिंतीकडे वळवून घेतली तर पडदा बाजूंनी भिंतीला टेकतो. मधोमध दोन पडदे एकमेकांवर चार बोटे चढले पाहिजेत. हल्ली दांडी ओवायला जी धातूची मोठी कडी बसवतात ती दिसते झोकदार, पण तिच्या वरून आणि लाटेसारख्या घड्यांतून उजेड पाझरतो. झोपायच्या खोलीला त्यापेक्षा साध्या चुण्यांची पट्टी बरी. आत गडद रंगाचे घट्ट विणीचे अस्तर. खिडकीकडची बाजू फिकी, म्हणजे ऊन परतून जाईल आणि खोली तापणार नाही. सुती कापड असेल तर शिवण्यापूर्वी एकदा पाण्यातून काढावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात पडदा वीतभर वर चढतो आणि आपण पुन्हा त्या चादरीवर येतो.

मापानुसार शिवून घेणे याचा अर्थ हा आहे. पण आपले मास्तर माप घेतात ते खिडकीचे. तिच्या आत कोण झोपते, किती वाजता झोपते, उशी कुठल्या बाजूला असते, ऊन कुठून येते, हे ते विचारत नाहीत, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? आपणच त्यांना बाहेरच्या खोलीतून परत पाठवतो. "आतल्या खोलीला काय, उरलेल्या कापडाचे करा काहीतरी," हे वाक्य मी स्वतः म्हटले आहे.

पैशांचा प्रश्न कुणी काढील. तो रास्तच आहे. पण मी खर्च वाढवायला सांगत नाही, फक्त त्याची खोली बदलायला सांगते. आणि ज्या घरात बाहेरच्या खोलीलाही पडदा परवडत नाही तिथे जुन्या लुगड्याचे दोन पदर एकावर एक टाचून, खिडकीपेक्षा वीतभर रुंद घेऊन लावले तरी काम भागते. आमच्या आधीच्या पिढीने लुगड्याच्या गोधड्या केल्या, दुपटी केली, पाळणे केले. झोपेसाठी लुगडे फाडण्याची आपल्याला परंपराच आहे. दुसरा आक्षेप वाऱ्याचा. कबूल, अंधार करताना हवा कोंडू नये. तावदाने उघडी ठेवून पडदा ओढावा. सुती कापड हलते, वारा घेते. तिसरा आक्षेप आवाजाचा. पडदा कुकरची शिट्टी अडवत नाही. अगदी खरे. ती आपणच अडवायची.

राहिला शेवटचा आणि सर्वांत भारदस्त आक्षेप: ऐन दिवाळीत अंधाराचा पुरस्कार? दिव्यांचा सण आणि ही बाई खिडक्या काळ्या करायला निघाली! पण अंधार म्हणजे अमंगळ, हे समीकरण नाशिककरांनी तरी करू नये. पाथर्डी फाट्याजवळ पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक आहे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या या माणसाने १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांना दाखवला, तो थिएटरात अंधार करूनच. चित्र दिसायला अंधार लागतो. स्वप्न पडायलाही लागतो. आपण दाराशी पणती लावतो ती रात्री. रात्र नसती तर पणती कुणी लावली असती? ज्याची रात्र दिवसा होते त्याला त्याची रात्र द्यावी, एवढेच मागणे आहे.

त्याच पांडवलेण्यांत वर चढून गेले तर दहाव्या लेण्यात एक शिलालेख आहे. अंबडात राहून मी तो डोंगर रोज पाहत होते, पण त्या लेखात काय आहे ते फार उशिरा कळले. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी हे लेणे भिक्षूंच्या संघाला दिले आणि सोबत तीन हजार कार्षापणांची कायमची ठेव ठेवली. कुठे ठेवली? इथल्याच गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे, असे तिथे कोरून ठेवले आहे. गणित करून पाहा, बरोबर जुळते. मुद्दल हलवायचे नाही, व्याजच वापरायचे, हेही बजावून सांगितले आहे.

त्या लेण्याचे खांब पाहण्यासारखे आहेत. घट, पशू, नक्षी, सगळे काही आहे. पण कापडाचा हिशेब लिहायची वेळ आली तेव्हा त्या राजपुरुषाने खांब मोजले नाहीत. त्याने आत राहणारी माणसे मोजली: वीस. पावसाळ्यात आत कोण राहणार, त्याला काय लागणार, माणशी किती, असा तो हिशेब आहे. त्या डोंगरासमोर राहून आम्ही मात्र कापड खिडकीगणिक मोजत बसलो, आणि तेही जी खिडकी रस्त्यावरून दिसते तिच्या मापाने.

तेव्हा यंदाच्या दिवाळीला मी फर्निशिंगच्या दुकानाची पायरी चढले ती जुन्या पापाचे परिमार्जन करायला. दुकानदाराने सवयीने वह्यांएवढ्या नमुन्यांचे गठ्ठे पुढे सरकवले. "काकू, हॉलचे माप काय? यंदा खास नवीन माल आला आहे." मी म्हटले, "हॉलला जुनेच राहू द्या. आतल्या खोलीचे करायचे आहेत." त्याच्या चेहऱ्यावरचा उत्साह निम्मा झाला. हे माझ्या शेजारी बसले होते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली. अजूनही दुपारी पडले की पंचा डोळ्यांवर घेतात. त्यांनी नमुन्यातले सर्वांत गडद, सर्वांत साधे निळे कापड बोटांनी चाचपून पाहिले, दिव्याकडे धरून पाहिले आणि काही न बोलता माझ्याकडे सरकवले. उजेड पलीकडून येत नव्हता. मी तेच घेतले.

दुसऱ्या दिवशी मास्तर माप घ्यायला येणार होते. "सकाळी नवाला येतो," म्हणाले. मी म्हटले, "नवाला नको, मास्तर, सूनबाई झोपायला जाते त्या वेळी. चारनंतर या, आणि दाराची घंटा वाजवू नका."